अतुल रामटेकेला न झालेला फ्लू

२००३ चा डिसेंबर लागता लागता अमेरिकेतल्या कॅरी गावात फ्लू आला तो थँक्सगिव्हिंगच्या पाहुण्यांबरोबर. पाहुणे परत गेले, फ्लू राहिला. ऑफिसात रोज एखादी नवी खुर्ची रिकामी दिसू लागली. टीव्हीवर दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या दंडात सुई खुपसताना दाखवत होते, आणि गावात लस मिळत नव्हती. अतुल रामटेके तीन फार्मस्या हिंडून आला. तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं, उरलेली लस म्हाताऱ्यांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी राखून ठेवली आहे. अतुल अठ्ठावीस वर्षांचा होता. या दोघांची सरासरी काढली तर आपण बसतो, असं त्याने सुचवून पाहिलं. बाईंनी रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

अतुलला लस हवी होती ती स्वतःच्या जिवाच्या काळजीने नव्हे. अठ्ठावीस डिसेंबरला नागपुरात त्याच्या धाकट्या बहिणीचं, मैत्रीचं, लग्न होतं. वडील नव्हते, घरात आई, मैत्री आणि सातासमुद्रापलीकडचा हा. सप्टेंबरात तिचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा, तेव्हा ऑफिसने त्याला सोडलं नव्हतं. मग पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर स्पीकर चालू करून एक मोबाइल ठेवला होता आणि तोच अतुल, असं सगळ्यांना सांगितलं होतं. एक मावशी उशिरा आल्या आणि रिकामी खुर्ची बघून बसल्या. अर्धं साक्षगंध अतुलने मावशींच्या खालून ऐकलं.

तेव्हाच मैत्रीने बजावलं होतं, "दादा, लग्नाला आवाज नाही पाहिजे. अख्खा ये. आणि धडधाकट ये. आईचा दमा वाढून राहिला, तिकडून काही घेऊन येऊ नको."

वीस तारखेचं तिकीट होतं. तोवर टिकून राहायचं, एवढंच अतुलचं त्या महिन्यातलं ध्येय. ऑफिसच्या लिफ्टचं बटण तो कोपराने दाबायचा. डबा पार्किंगमध्ये, गाडीत काचा चढवून खायचा. पेट्रोल भरताना हाताला सँडविचची पिशवी घालायचा. मीटिंगमध्ये दाराशी बसायचा आणि कुणी शिंकलं की "कॉल आहे" म्हणून बाहेर पडायचा. त्या पंधरवड्यात त्याला एवढे कॉल आले की मॅनेजरने त्याच्याकडे आदराने बघायला सुरुवात केली.

"यार, तू बहिणीच्या लग्नाला चाललायस का तिचं ऑपरेशन करायला?" यतीन म्हणाला. यतीन त्याचा रूममेट, ठाण्याचा. तो दरवाजाला उघडा हात लावायचा आणि त्याच हाताने चिवडा खायचा. अतुलला ते बघवत नसे.

पण खरा धोका दरवाजाच्या कडीला नव्हता. तो मराठी मंडळात होता.

अमेरिकेतून भारतात जायला निघालेला माणूस हा माणूस नसतो, टेम्पो असतो. अतुलचं तिकीट झाल्याचं कळल्याबरोबर फोन सुरू झाले. कुणाला आईसाठी कॅल्शियमच्या गोळ्या पाठवायच्या होत्या, कुणाला भाच्यासाठी बूट. मंडळाचे उल्हास काका नागपूरचेच. त्यांचे थोरले बंधू शंकरराव यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून काकांनी त्यांच्यासाठी कमोडवर बसवायची उंच सीट घेतली होती.

"हलकी आहे रे," काका फोनवर म्हणाले. "हँड लगेजमध्ये जाईल. आतून पोकळच असते ती. मधे कपडे भर." आणि ते इतके खोकले की अतुलने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि नंतर पुसून घेतला.

म्हणजे प्रत्येक पार्सलबरोबर एक माणूस येणार, आणि प्रत्येक माणसाबरोबर एक खोकला. पार्सलाला नाही म्हणणं तर शक्यच नव्हतं. मंडळात दोन वर्षांपूर्वी एकाने "वजनात बसत नाही" असं सांगितलं होतं. लोक अजून त्याची ओळख "तो वजनवाला" अशीच करून द्यायचे. अतुलने दोन दिवस विचार केला आणि बुधवारी मंडळाच्या याहू ग्रुपवर मेल टाकली: मला फ्लू झाला आहे, डॉक्टरांनी कुणाला भेटू नका म्हटलं आहे, तरी कृपया आठवडाभर कुणी घरी येऊ नये.

"कसं आहे?" त्याने यतीनला वाचून दाखवली.

"मस्त," यतीन म्हणाला. "अमेरिकन माणसाला पाठवली असतीस तर तो आला नसता."

अतुलला त्या वाक्यातलं शहाणपण संध्याकाळी कळलं. पहिली बेल वाजली ती मीनाक्षी काकूंची, म्हणजे उल्हास काकांच्या सौभाग्यवतींची. हातात काढ्याचा थर्मास, खांद्याला पिशवी, पिशवीत मुगाच्या डाळीची खिचडी, तूप, मेतकूट आणि विक्सची बाटली.

"काकू, मी लिहिलं होतं ना, येऊ नका—"

"तू लिहिणारच. एकटा पोरगा परदेशात तापाने फणफणलाय आणि आम्ही काय घरी मालिका बघत बसू? झोप तू. तोंडावर काय बांधलंयस ते?"

अतुलने त्यांना दारात बघताच मास्क चढवला होता.

"बघा," काकू मागून येणाऱ्या काकांना म्हणाल्या, "स्वतः एवढा आजारी, तरी आपल्याला होऊ नये म्हणून जपतोय. संस्कार लागतात याला."

काकांनी खोकून दुजोरा दिला आणि कमोडची सीट सोफ्यावर ठेवली. "येतच होतो," ते म्हणाले, "म्हटलं घेऊनच जावी."

यानंतर जे झालं त्याला अतुलचा इलाज नव्हता. आजारी नाही म्हणावं तर खोटारडा ठरणार, आहे म्हणावं तर लोक येणार. त्याने बेडरूममध्ये पांघरूण ओढून घेतलं, खिडकी उघडी टाकली आणि बाहेरच्या खोलीत काय चाललंय ते ऐकत पडून राहिला. गुरुवारी सहाजण आले. शुक्रवारी आलेल्यांनी गुरुवारी आलेल्यांची विचारपूस केली. मंडळातल्या सुलेखा मावशींनी ओव्याची पुरचुंडी आणली आणि आपल्या दोन मुलांनाही आणलं, कारण त्यांना शाळेतून सर्दीमुळे घरी पाठवलं होतं आणि सांभाळायला कुणी नव्हतं. मुलं दारातून डोकावून "आर यू गोइंग टु डाय?" असं विचारून गेली. प्रत्येकजण जाताना म्हणायचा, "बरं, येतच होतो तर ही एवढी छोटी पिशवी—" आणि पिशवी सीटच्या शेजारी ठेवायचा.

बातमी नागपूरलाही पोचली. काकांनी शंकररावांना कळवलं, शंकररावांनी अर्ध्या गावाला. मैत्रीचा फोन आला.

"दादा, तुला फ्लू झाला म्हणे."

"नाही झाला. झाला असं सांगितलंय."

"कशाला?"

"होऊ नये म्हणून."

"आईला यातलं कोणतं सांगू?" मैत्रीने विचारलं.

रविवारी तर कहर झाला. मंडळाची कार्यकारिणीची बैठक कम्युनिटी सेंटरवर होती, पण तिथलं हीटिंग बिघडलं. कुणीतरी म्हणालं, नाहीतरी सगळे अतुलकडे जाणारच आहोत. संक्रांतीच्या कार्यक्रमाचं नियोजन अतुलच्या हॉलमध्ये, बंद खिडक्यांत, बावीस माणसांनी केलं. आजारी माणसाला वारा लागू नये म्हणून मीनाक्षी काकूंनी आतली खिडकीही लावून घेतली. यतीनने पंक्ती वाढल्या. एकाच पळीने काढा सगळ्यांनी घेतला, "काळजी म्हणून". अतुल पांघरुणाखाली मास्क लावून श्वास मोजून मोजून घेत होता. बाहेर दर दोन मिनिटांनी कुणीतरी खोकत होतं आणि बाकीचे म्हणत होते, "हळू, तो झोपलाय."

मंगळवारपासून मंडळ आडवं व्हायला लागलं.

आधी सुलेखा मावशींची मुलं, मग सुलेखा मावशी, मग खजिनदार. बुधवारी मीनाक्षी काकू आणि यतीन एकाच दुपारी. याहू ग्रुपवर मेलमागून मेल येत होती, आणि प्रत्येकीत कारण दिलेलं होतं: अतुलकडे जाऊन आल्यावर. रागाने कुणी लिहिलं नव्हतं, हे विशेष. "बिचारा, एकट्याने एवढं सोसलं" असाच सूर होता. अख्ख्या कॅरीत फ्लू न झालेला मराठी माणूस एकच उरला होता, आणि साथ त्याच्या नावावर होती.

त्याने मोटेलमध्ये जायचं ठरवलं. तीन दिवसांचा प्रश्न होता. बॅग भरून तो यतीनला सांगायला गेला. यतीन पांघरुणाच्या ढिगाऱ्यातून म्हणाला, "जा यार. बहिणीचं लग्न आहे. मी मरत नाही. फक्त जाताना पाण्याची बाटली इथे आण." अतुलने बाटली आणली. मग थर्मामीटर आणलं. मग गोळी द्यायची तर पोटात काहीतरी हवं, म्हणून टोस्ट आणला. तेवढ्यात फोन वाजला.

"अतुल, काकू बोलतेय रे," आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "आज तुला डबा नाही पाठवता आला. एकशे तीन आहे मला. काकांनाही उठवत नाहीये. तू काय खाल्लंस?"

अतुल बॅग घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "खाल्लं काकू."

"खोटं बोलतोयस."

हे मात्र त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं, आणि तेही चुकीच्या गोष्टीसाठी. त्याने बॅग आत ठेवली आणि कुकर लावला.

खिचडी त्याने मंडळाच्या मापाने केली, म्हणजे कुकर तीनदा लावून. डबे भरले, मास्क लावला, हातमोजे घातले आणि गाडी काढली. पद्धत ठरलेली: दाराशी डबा ठेवायचा, बेल वाजवायची, पार्किंगपर्यंत पळायचं आणि तिथून हात करायचा. चार घरी हे जमलं. सुलेखा मावशींच्या शेजारच्या अमेरिकन बाईंनी मास्क लावलेला माणूस बेल वाजवून पळताना पाहिला आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आला. अतुलने डबा उघडून दाखवला. पोलिसाने वास घेतला, दोन पावलं मागे सरकला आणि स्वतःलाही बरं वाटत नसल्याचं सांगितलं. एक डबा तो घेऊन गेला.

पाचवं घर काकूंचं. बेल वाजवून तो पळणार तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. काकू बाथरूमला जाताना चक्कर येऊन पॅसेजमध्ये बसल्या होत्या आणि काकांना त्या उचलवत नव्हत्या. अतुल आत गेला. काकूंना उचलून पलंगावर नेलं, पाणी पाजलं, डॉक्टरांना फोन लावला. काकू त्याच्या खांद्यावर मान ठेवून दोनदा खोकल्या. मास्क कधी निसटला ते त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा तो हनुवटीला लोंबत होता.

"तू का आलास रे?" काकू म्हणाल्या. "बरं, तुला काय होतंय आता म्हणा. तुझा होऊन गेला."

शुक्रवारी सकाळी अतुल उठला तो दात वाजतच. थर्मामीटरने एकशे दोन दाखवलं. त्याने ते झटकून परत लावलं. थर्मामीटर मतावर ठाम होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. यतीन आता उठून बसत होता.

"मला फ्लू झालाय," अतुल म्हणाला.

"यार, मला तरी नको सांगूस. ती मेल मी ऐकलीय."

"हा खरा आहे."

यतीनने त्याच्या कपाळाला हात लावला. "अरे बाप रे," तो म्हणाला, आणि थोडा विचार करून, "गोळी घे आणि जा. गोळीने ताप उतरतो. कोण बघतंय?"

मंडळाचंही तेच मत पडलं, पण वेगळ्या कारणाने. उल्हास काकांनी फोनवर समजूत काढली, "अरे, ती कमजोरी असते. एका सीझनमध्ये फ्लू दोनदा होत नाही. मनातून काढून टाक आणि सुखरूप जा. शंकरराव वाट बघतायत रे, बसायची पंचाईत झालीये त्यांची."

विम्याच्या कार्डामागे एका नर्सचा नंबर होता. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं: गोळीशिवाय एक पूर्ण दिवस ताप नसला तरच घराबाहेर पडायचं, विमानाचं तर नावच काढू नका. अतुलने विचारलं, मास्क लावून? ती म्हणाली, पंचवीस तास तुम्ही जेवणार नाही का?

अतुल बॅगेकडे बघत बसला. गोळी घेतली होती. ताप खरंच उतरत होता. कुणाला कळलं नसतं. लग्नाला अजून नऊ दिवस होते, पोचल्यावर चार दिवस वेगळ्या खोलीत झोपला असता. सगळं जमण्यासारखं होतं. त्याने नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"भरली का बॅग?" मैत्री म्हणाली.

"ताप आहे मला."

"कोणता? नुसता सांगायचा, का खरा?"

"खरा. एकशे दोन. पण गोळीने उतरतो. सगळे म्हणतात निघ. मी आलो की आईपासून लांब राहीन. मामाकडे झोपेन."

"आणि विमानात?"

"मास्क लावीन."

"बाजूला कोण बसणार आहे?"

"मला काय माहीत? असेल कोणीतरी."

"कोणाची तरी आई असेल," मैत्री म्हणाली. ती रागावली नव्हती. भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली.

कपाळावरचा घाम अतुलने बाहीने पुसला.

"मग काय करू?" तो शेवटी म्हणाला. "परत मोबाइल होऊन खुर्चीवर बसू? मला यायचंय, मैत्री. बाबा नाहीत. मी पण नसलो तर तुझ्या बाजूने उभं कोण राहील?"

"तू ठेव फोन. मी करते परत."

अर्ध्या तासाने तिचा फोन आला. "चार जानेवारी."

"काय चार जानेवारी?"

"लग्न. हॉलवाल्याकडे जाऊन आली मी. म्हटलं, एक आठवडा पुढे मिळेल का? तो म्हणाला, ताई, एक आठवडा घ्या, दोन घ्या, पूर्ण महिना घ्या. पौष लागून राहिला ना. पौषात कोणी लग्नं करत नाही, त्याच्या हॉलमध्ये कुत्रं फिरकत नाही. आपल्याला मुहूर्त थोडाच पाहायचा आहे! अठ्ठावीस तारीख तरी काय, तुझ्या सुट्टीवरूनच काढली होती. त्याने तर खुर्च्यांना नवीन कव्हरं घालून देतो म्हटलं."

"आणि भंतेजी?"

"त्यांना रविवार चालतो."

"आणि विवेक?" विवेक म्हणजे नवरदेव.

"त्याला सांगायचं आहे अजून," मैत्री म्हणाली. "सांगेन जेवणाच्या वेळी."

अतुलने तिकीट पुढे ढकललं आणि झोपला. शनिवारी दुपारी त्याचं विमान त्याला न घेता गेलं. रविवारी मीनाक्षी काकूंना यतीनकडून कळलं, अतुल गेलाच नाही. आता त्यांना धोका नव्हता. त्या सरळ आत आल्या, थर्मास ओट्यावर ठेवला आणि पलंगावर पडलेल्या अतुलकडे कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"परत?"

"पहिल्यांदा, काकू," अतुल म्हणाला. ताप असताना माणसाला नवीन काही रचायला सुचत नाही.

काकूंनी थर्मासचं झाकण फिरवलं आणि परत लावलं. मनातल्या मनात त्या बुधवारपासून रविवारपर्यंतचं सगळं परत एकदा बघत असाव्यात. "म्हणजे माझा काढा—"

"यतीन प्यायला."

"आणि ते खिडक्या लावून आम्ही सगळे—"

"हो."

"मूर्ख," काकू म्हणाल्या. "पार्सल नको होतं तर सांगायचं होतंस, वजनात बसत नाही म्हणून." मग त्यांनी काढा ओतला आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. जाताना त्यांनी दाराला बाहेरून एक कागद चिकटवला. त्यावर काय लिहिलं होतं ते अतुलने बघितलं नाही, पण त्यानंतर चार दिवस बेल वाजली नाही.

गुरुवारी, नाताळच्या दिवशी, गोळीशिवाय पूर्ण दिवस ताप नव्हता. नवीन विमान सोमवारचं होतं. त्याने मैत्रीला कळवायला फोन केला.

"उतरला? उतरला ना? बरं झालं," ती म्हणाली. मागे बरीच गडबड ऐकू येत होती. "तू लवकर ये. इथे वेगळंच होऊन राहिलं."

"काय झालं?"

"आम्ही लोकांना फोन केले ना तारीख बदलली म्हणून. कारण खरं तेच सांगितलं, नवरीच्या भावाला ताप आहे. पण शंकररावांनी आधीच सगळीकडे सांगून ठेवलं की अतुलचा फ्लू बरा झाला. म्हणून कोणाचा विश्वासच बसत नाही. आता लोक म्हणून राहिले की नवरदेवाकडे काहीतरी भानगड आहे, म्हणून पुढे ढकललं."

"अरे बाप रे. विवेक काय म्हणतो?"

"त्याला मजा वाटून राहिली. पण दादा, जे लोक येणार नव्हते ना, ते पण आता येतो म्हणून राहिले. बघायला. हॉलवाला म्हणतो दोनशे खुर्च्या जास्तीच्या लागतील. जेवण दुप्पट करावं लागतं." तिने दम घेतला. "तुला पळी धरता येईल ना तोवर? वाढायला माणूस कमी पडून राहिला."

अतुल पलंगावरून उठून उभा राहिला. "येईल," तो म्हणाला. "काय वाढायचं आहे?"